रिकाम्याशी रिकामं

विश्वास ठेवा, नाहीतर ठेवू नका. हे माझ्याच बाबतीत घडलंय. तळवड्यातलं आमचं ऑफिस, गेल्या श्रावणातला शनिवार, भर दुपार.

शेखरदादा माझा सख्खा भाऊ. आम्ही एकाच कंपनीत होतो. चाकण रोडवर अपघातात तो गेला. घरात मी आणि आई उरलो.

आमचं बोलणंच तुटलं होतं. मी जवळ गेले की आई म्हणायची, "तुला काय कळायचं माझं?"

कारखान्यांच्या सुट्या भागांच्या नोंदी आमच्या डेटाबेसमध्ये असतात. तिथे रिकामा रकाना रिकाम्या रकान्याशी जुळत नाही. बरोबरचं साधं चिन्ह लावलं की अशा नोंदी गळतात. म्हणून नोंदी शोधायच्या आज्ञेत, म्हणजे क्वेरीत, दादाने 'इज नॉट डिस्टिंक्ट फ्रॉम' लिहिलं होतं. त्याने रिकाम्याशी रिकामं जुळतं. फार कुणाला हे माहीतच नाही. नवी पोरं चूक समजून ती ओळ बदलायची आणि यादीतून माल गायब!

आमचा टीम लीड कुलदीप म्हणाला, "तेजू, ती ओळ का आहे ते ऑफिसच्या विकीवर लिहून टाक ना राव. क्वेरीत टिपांचा कचरा नको."

दादा मात्र म्हणायचा, "माणूस अडतो तिथंच लिहायचं. लांबचं कोण वाचतंय?"

सगळे जेवायला गेले. मी विकीवर लिहिलं. सेव्ह केलं.

पान कोरं...

पुन्हा लिहिलं.

मागे दादाची खुर्ची करकरली...

मी वळले. खुर्ची नव्हतीच. ती केव्हाच वरच्या मजल्यावर नेली होती.

विकी बंद केलं, क्वेरी उघडली आणि त्या ओळीच्या डोक्यावरच टीप लिहिली.

सेव्ह झाली. करकर थांबली.

मग मला रडू फुटलं. दादासाठी मी मैत्रिणींपाशी रडले होते, कुलदीपसमोरही रडले होते. आईपाशी एकदाही नाही.

बॅग उचलली आणि तडक घरी निघाले. कुणालाच सांगितलं नाही. आईलाही फोन केला नाही.

दार उघडंच होतं. आत दोन ताटं वाढलेली...

"आई, मी येणार हे तुला कसं कळलं?"

"आत्ता शेखरच म्हणला न्हवं, तेजू निघालीया म्हून..."

बोलता बोलता तिचा हात भातातच थांबला.

आम्ही एकमेकींना धरून खूप रडलो. ताटं तशीच राहिली.

त्यानंतर दादा आला नाही. मी अजूनही कधीकधी न सांगता लवकर निघते. दारापाशी आले की आधी ताटं मोजते.

आई एकच ताट घेऊन बसलेली असते.