बाराव्या फोटोनंतरचा कोरा तुकडा

ती चालत का नाही आली?

धाकट्याला एवढंच हवं होतं. पोलिसांना विचारलं, तर त्यांनी कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, इथं सही कर. ट्रकवाल्याला विचारलं, तर तो रडायलाच लागला. आईला विचारलं, तर ती उठली आणि बंद असलेला गॅस पुन्हा एकदा बंद करून आली. स्टॉपपासून घर सव्वा किलोमीटर. रमतगमत चाललं तरी वीस मिनिटं. मग ताई त्या अंधारात पस्तीस मिनिटं उभी का राहिली?

लॅबवाले काका ही गोष्ट इथूनच सुरू करतात. फोटोग्राफीच्या कॉलेजात फिल्म धुण्याची जी खोली आहे, तिथं त्यांची पंचवीस वर्षं गेली. संध्याकाळची बॅच संपते, फोटोंचे ओले कागद दोरीवर लटकत असतात, बाहेर अंधार पडलेला असतो आणि आत तेवढा एक लाल दिवा. मग कोणीतरी म्हणतंच, "काका, ती सांगा ना."

"घाबराल."

"छे, आता काय लहान आहोत का!"

"मागच्या बॅचचा एक पैलवान असंच म्हणाला होता. त्याला घरी सोडायला मला जावं लागलं. येताना मला सोडायला कोण होतं?"

पोरं हसतात. हसून झालं की काका खुर्ची ओढून घेतात. "ऐकीव नाही सांगत. तो पोरगा माझ्या ओळखीचा. याच स्टुलावर बसला होता."

स्टुलावर जो कोणी बसलेला असतो, तो हळूच उठतो.

गेल्या वर्षीची नोव्हेंबर महिन्यातली एकोणीस तारीख. बुधवार. संध्याकाळी सहाच्या सुमाराला धाकटा कॉलेजात आला, एवढ्यासाठीच की ताईचा कॅमेरा परत द्यायचा होता. कॅमेरा कॉलेजचा. पोरगा एकोणीस वर्षांचा, आठवीत शाळा सोडलेली, टायरच्या दुकानात कामाला. हाताला ग्रीस, नखं काळी. दारातूनच त्यानं बॅग पुढे केली.

"हा घ्या तुमचा कॅमेरा. कोपऱ्यात चेपलाय. भरून देईन."

काकांनी कॅमेरा हातात घेतला. वरच्या चकतीवर आकडा होता अकरा.

"आत रोल आहे रे. एक फोटो राहिलाय."

आता हे नीट समजून घ्या, असं म्हणून काका इथं थांबतात. शेवटच्या वर्षाला बाईंचा एक नियम असतो. फोटोंमधून गोष्ट सांगायची. एक रोल, बारा फोटो, काढले त्याच क्रमानं. आणि खाली एक शब्दही लिहायचा नाही. त्यासाठी काका मोठ्या रिळातून फिल्म कापतात आणि छोट्या डब्यांत भरून देतात. बरोबर बारा फोटोंची. बाराव्यानंतर चार बोटांचा तुकडा उरतो, तो कोरा. त्यावर काही येत नाही. आजवर कधी आलं नव्हतं.

"परवा शुक्रवारी प्रदर्शन आहे," काका धाकट्याला म्हणाले. "बाईंनी तिच्यासाठी बारा खिळे ठोकलेत. अकरा लावू. एक राहील रिकामा."

"कसले फोटो आहेत?"

"तुला माहीत नाही? तूच तर आहेस त्यात."

तसं माहीत होतं. रोज सकाळी धाकटा ताईला गाडीवरून स्टॉपवर सोडायचा. ती उतरायची, आणि हा वळून निघाला की मागून 'खट्' असा आवाज यायचा. हा तिथूनच ओरडायचा, "फोटोवाल्या बाई, कधी तोंड पण काढा की माझं!"

ती ओरडायची, "तोंड दाखवलं की लोक तोंड बघतात रे, गोष्ट कोण बघणार? जा आता, ढ!"

आणि जाता जाता रोजचं एक भांडण. मागे बसणाऱ्याचा डाव्या बाजूचा फूटरेस्ट गंजलेला होता. चांगली लाथ मारल्याशिवाय उघडायचा नाही. ताई लाथ मारून उघडायची आणि उतरताना तसाच ठेवायची. गाडी मागे घेताना तो बरोबर धाकट्याच्या नडगीवर बसायचा.

"बंद करायला काय होतं गं? राजकन्या लागून गेलीस?"

"राजकन्या फूटरेस्ट बंद करत नाहीत."

मग हाच वाकून हातानं बंद करायचा. रोज.

"मला म्हणाली होती," काका सांगायला गेले, "काका, अकरा फोटोंत तो जातो. बाराव्यात तो येतो. रात्री मला न्यायला येताना मला त्याचा फोटो हवाय. समोरून."

धाकटा स्टुलावर बसला.

बुधवारी लॅब उशिरापर्यंत चालते, म्हणून ताई शेवटच्या बसनं यायची. दोन आठवड्यांपूर्वी, पाच तारखेला, रात्री अकरा वीसला तिचा फोन आला होता. "मी उतरले. आज चालत येत नाही, तू ये. मला तू येताना हवायस." धाकटा दुकानातच मित्रांबरोबर मोबाईलवर खेळत बसला होता. डाव रंगात होता. तो म्हणाला, "पाच मिनिटांत आलो."

अकरा पंचावन्नला तिथून ट्रक गेला.

काकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते आपले साधेपणानं बोलून गेले होते.

धाकटा उठला. काकांच्या हातातून त्यानं कॅमेरा जवळजवळ ओढून घेतला.

"मी काढतो."

"अरे, येतो का तुला?"

"तिला येत होता ना? मी तिचा भाऊ आहे."

काकांनी त्याला एवढंच दाखवलं की ही छोटी दांडी खाली ओढली आणि बटण दाबलं की दहा सेकंदांनी फोटो आपोआप निघतो.

त्याच रात्री तो गेला. अकरा वीस.

स्टॉप म्हणजे काय, पत्र्याचं छप्पर आणि एक सिमेंटचा बाक. पुढे वळण, वळणावर गुडघ्याएवढा किलोमीटरचा दगड. दिव्याचा एक खांब आहे, तो कधीच लागत नाही. धाकट्यानं गाडी रस्त्याच्या कडेला, दगडाकडे तोंड करून उभी केली. हेडलाइट चालूच ठेवला. कॅमेरा दगडावर ठेवला. आतून डोळा लावून बघितलं मात्र नाही. जिथं ताईचा डोळा लागायचा, तिथं आपला डोळा लावायची त्याची छाती झाली नाही.

दांडी ओढली. बटण दाबलं. कॅमेरा आतून बारीक घरघरायला लागला. धाकटा पळत जाऊन गाडीपुढे उभा राहिला.

एक... दोन... तीन...

वारा नव्हता. लांब कुठंतरी कुत्रं भुंकत होतं, तेही थांबलं.

पाच... सहा...

आणि त्याला वाटलं, कोणीतरी बघतंय. दगडावरून नाही. वरून. माणूस उभा राहिला की डोळे जिथं येतात, तिथून. रस्त्याच्या मधोमध.

तिथं कोणी नव्हतं.

आठ...

ताई फोटो काढताना एक गोष्ट नेहमी सांगायची. हनुवटी खाली कर, ढ. त्या रात्री कोणी काही म्हणालं नाही. काका हे दोनदा सांगतात. कोणी काही म्हणालं नाही. तरी धाकट्यानं हनुवटी खाली केली. आपोआप.

नऊ...

खट्.

तो तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "ताई?"

...

"ताई, मी आलोय गं."

...

कुत्रं पुन्हा भुंकायला लागलं.

मग मात्र तो घाबरला. कॅमेरा उचलला, बॅगेत कोंबला, चेन लावली, बॅग पाठीवर टाकली. गाडी वळवली आणि सुसाट निघाला. पन्नास पावलंही गेला नसेल. पाठीवरच्या बॅगेत, चेन लावलेल्या बॅगेत, आवाज झाला.

खट्.

त्यानं मागे बघितलं नाही.

घरी आला. आई जागीच होती, भिंतीकडे तोंड करून पडलेली. धाकट्यानं दिवा लावून, तिच्याजवळ खाली बसून कॅमेरा बाहेर काढला. लेन्सवर झाकण होतं. काळं झाकण, घट्ट बसवलेलं. त्यानं ते काढलंच नव्हतं. कधी काढतात, हेच त्याला माहीत नव्हतं. फोटो निघाला होता तो झाकणाच्या आतल्या अंधाराचा.

"काय झालं रे?" आईनं विचारलं.

"काही नाही. तिचं एक काम केलं. तेपण धड झालं नाही."

थोड्या वेळानं आईचा हात मागून आला आणि त्याच्या केसांवर राहिला.

गुरुवारी संध्याकाळी त्यानं झाकणाचं काकांना सांगितलं. काका म्हणाले, असू दे, होतं असं, पहिल्या वर्षाची निम्मी पोरं हेच करतात. बारावा काळा येईल, आपण अकरा लावू. त्यांनी फिल्म धुतली, वाळवली, अख्खा रोल एका कागदावर छापला. धाकटा शेजारी उभा. लाल दिव्यात, पाण्यात, कागदावर एकेक चौकोन उमटायला लागला.

पहिला. पाठमोरा धाकटा, गाडीवर, जाताना. दुसरा. तिसरा. धुक्यातला, उन्हातला. एकात त्यानं न बघताच हात वर केलेला. अकरापर्यंत सगळ्यांत तो जात होता.

बारावा.

काळा नव्हता.

बाराव्यात धाकटा होता. समोरून. मागे हेडलाइट, हनुवटी खाली, डोळे ओले. केसन्‌केस मोजून घ्यावा इतका स्वच्छ. काकांनी भिंग लावलं. कॅमेरा गुडघ्याएवढ्या दगडावर होता ना? फोटो तिथून नव्हता. ताई उभी राहिली की तिचा डोळा जिथं यायचा, तेवढ्या उंचीवरून होता. रस्त्याच्या मधोमध उभं राहून काढलेला.

काकांचे हात पाण्यातच राहिले.

"काका," धाकटा म्हणाला, "खाली बघा."

बाराव्याच्या पुढचा तुकडा. कोरा असतो तो. चार बोटांचा.

त्यावरही फोटो होता. रात्रीचा रस्ता. लांब जाणारी गाडी, मागचा लाल दिवा. गाडीवर पाठमोरा धाकटा. मागची सीट रिकामी. आणि त्याच्या पाठीवर, चेन लावलेली, ती बॅग.

ज्या बॅगेत कॅमेरा होता.

...

पाण्याचा नळ गळत होता, तेवढा आवाज. मग धाकटा हळूच म्हणाला, "मी आलो. आणि तिला तिथंच ठेवून परत गेलो."

"अरे, तसं नसतं..."

"पुन्हा."

काकांनी हात पुसले. "हा तेरावा काही लावता येणार नाही. बाईंचा नियम बाराचा."

"नका लावू. तिची गोष्ट बाराचीच आहे." तो दारापर्यंत गेला, वळला. "त्या बारा खिळ्यांच्या भिंतीवर तिच्या नावाची चिठ्ठी लावलीय. जन्म, मृत्यू वगैरे. ती काढा. ताई म्हणायची, एक शब्दही नाही लिहायचा."

काकांनी ती चिठ्ठी काढली. ती अजून त्यांच्या खणात आहे.

त्या रात्री, म्हणजे वीस तारखेला, गुरुवारी, धाकटा पुन्हा निघाला. पुढचं त्यानं काकांना दुसऱ्या दिवशी सांगितलं, याच स्टुलावर बसून. निघण्यापूर्वी त्यानं रिकाम्या सीटवरची धूळ फडक्यानं पुसली. डाव्या बाजूचा फूटरेस्ट मिटलेला होता. पाच तारखेला सकाळी त्यानं वाकून बंद केला होता, तसाच. त्यानंतर मागे कोणी बसलंच नव्हतं.

अकरा वीसला तो स्टॉपवर पोचला. गाडी वळवून, घराकडे तोंड करून उभी केली. उतरला नाही. मागे बघितलं नाही. इंजिन चालू. हात हँडलवर.

थांबला.

पाच मिनिटं नाही. पस्तीस मिनिटं. मोजून.

थंडी वाजत होती. एक बस गेली, न थांबता. मग काही नाही. मग अगदी काही नाही... अकरा पंचावन्नला मागचा टायर किंचित दबल्यासारखा झाला. टायरवाला पोरगा तो, त्याला ते कळतं. पण तो म्हणतो, काका, मला तसं वाटलं असेल. मी काही शपथेवर नाही सांगत.

"बसलीस?" त्यानं विचारलं.

...

मग त्यानं गाडी काढली. सुसाट नाही. वीसच्या वेगानं. खड्डे चुकवत, गतिरोधकावर अगदी हळू, मागे माणूस असलं की चालवतात तशी. वाटेत बोलत होता. आई जेवत नाही म्हणाला. दुकानात नवीन मशीन आलंय म्हणाला. तू काढलेला फोटो चांगला आलाय, माझं तोंड दाखवलंस अखेर, म्हणाला.

सव्वा किलोमीटर.

दारात आला. इंजिन बंद केलं. "उतर," म्हणाला, "घर आलं."

थोडा वेळ तसाच बसून राहिला. मग उतरला आणि गाडी भिंतीला लावायला मागे घेतली.

नडगीला लागलं.

डावा फूटरेस्ट उघडा होता.

त्यानं तो वाकून हातानं बंद केला.