अकराव्या ओळीतलं नाव

डेअरीत दुधाची फॅट बघावी, तसे लोक आता बातमी उघडण्याआधी वर्तमानपत्राचा विश्वासांक बघत. फोनवर प्रत्येक पत्राच्या नावाशेजारी तो आकडा असे. चुका मोजणारं एक यंत्र शंभरातून गुण कापत जाई. अख्खी बातमी रचलेली असो की एखादी वेलांटी चुकलेली, दर चुकीला एकच गुण. साठाच्या खाली घसरलेलं पत्र वर्षभर कुणाच्याच फोनवर दिसत नसे आणि त्याचा पुरावा सरकारदरबारी चालत नसे.

सोलापूरजवळचं ‘दैनिक सीनाकाठ’ बरोबर साठावर येऊन ठेपलं होतं.

महानंदा हत्तुरे रोज त्यातली एकच जुनी बातमी उघडे. गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्या कारखान्यात शिशाच्या धुरानं मेलेल्या एकोणीस कामगारांची ती यादी होती. बातमीदार निशात मुजावरनं दोन वर्षं घरोघर फिरून रक्ताचे अहवाल गोळा केले होते. अकराव्या ओळीत महानंदाचा नवरा होता. फक्त शांतलिंगचं शांताराम झालं होतं. उभ्या जन्मात एकदा नाव छापून आलं, तेही दुसऱ्याचंच. ती त्या ओळीवर बोट ठेवून बसे. एकदा तरी ते नीट दिसावं, एवढंच तिला वाटे.

या मृत्यूंची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीच्या सुनावणीला तीन दिवस उरले असताना कारखान्याचे पळसुले साहेब दारात आले.

“वहिनी, बातमीत तुमच्या मालकांचं नाव चुकलंय. यंत्राला हे कळत नाही, घरच्यांनीच तक्रार करावी लागते. इथं अंगठा टेकवा. उद्या सकाळी दुरुस्ती सगळ्यांच्या फोनवर येईल. शांतलिंग हत्तुरे, मोठ्या अक्षरात.”

महानंदाचा अंगठा पुढे झालाही. मग ती थबकली.

“साहेब, दोन वर्षं तुम्ही म्हणताय, असा माणूस आमच्या मस्टरवर नव्हताच. मग बरोबर नाव कुठून कळलं?”

पळसुल्यांनी चपला घातल्या आणि “विचार करा” म्हणून ते निघून गेले.

दुपारी ती निशातकडे गेली.

“चूक माझीच आहे, काकी,” निशात म्हणाली. “तुम्ही नीट सांगितलं होतं, मी घाईत उतरवलं. करा तक्रार. तुमचा हक्क आहे.”

“तूच दुरुस्त कर की.”

“आम्ही केली तरी गुण जातोच. साठाचे एकोणसाठ. मग समिती त्या अहवालांना हातही लावणार नाही.”

“मग मला नको म्हण की गं!”

“ते मला म्हणवत नाही.”

सुनावणीच्या दिवशी नावं पुकारली गेली. कुणीतरी चुकून बरोबर उच्चारेल म्हणून महानंदा कान देऊन बसली होती.

“शांताराम हत्तुरे यांच्या वतीनं?”

“मी आहे,” म्हणत ती उठली.

त्याच आठवड्यात कारखान्याला सील लागलं.

आता तक्रारीला हरकत नव्हती. पण तोवर निशात शेजारच्या गावातल्या विहिरींचं पाणी तपासायला लागली होती, आणि आकडा अजून साठच होता. विहिरींचं होऊ दे, मग बघू, असं महानंदानं ठरवलं. विहिरींनंतरही कुठलंतरी गाव असणारच, हे तिला कळत होतं. आणि तो शांतलिंग होता हे ठाऊक असलेलं माणूसच एक दिवस उरलं नाही, तर मग तक्रार कोण करणार?