सारंगचा क्लच

झीजवाचक यंत्राने तिसऱ्यांदा तेच क्लचचं पेडल तयार करून बाहेर टाकलं, तेव्हा डॉ. निलोफर मुजावरने कपाळावर हात मारला.

"धैर्या, एक तर यंत्राचं डोकं फिरलंय, नाहीतर आपलं."

धैर्यशील इंगवलेने पेडल उलटंपालटं करून पाहिलं. वरच्या कडेला तीच बारीक खाच. सीटचंही तेच रडगाणं. यंत्र म्हणत होतं, सीट रुळावर पार पुढे ओढलेली असायची आणि चालवणाऱ्याचं वजन जेमतेम पन्नास किलो असावं. आता बोला! धैर्यशीलचे वडील आबा म्हणजे रावसाहेब वस्ताद. उभ्या कोल्हापुरात त्यांच्या मापाचा सदरा तयार मिळत नसे. असा माणूस पन्नास किलोंचा कधी होता? जन्मल्यावर पहिली दोन-चार वर्षं असेल, तेवढंच.

चेष्टा राहू द्या, धैर्यशीलचा जीव टांगणीला लागला होता. आबांना आता कुणी ओळखू येत नव्हतं. रोज सकाळी ते आपली जुनी 'सारंग' गाडी शोधायला घराबाहेर पडत. परवा तर महामार्गाच्या मधोमध सापडले. विनाचालक गाड्या आपोआप थांबल्या म्हणून वाचले. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, दाराला कुलूप लावा, नाहीतर अशा रुग्णांच्या संस्थेत ठेवा. ज्या माणसाने जन्मभर तालमीचं दार उघडं ठेवलं, त्याला कोंडून घालायचं? छे! त्यापेक्षा गाडीच परत उभी करू, ती अंगणात दिसली तर म्हातारा बाहेर पडायचा नाही, असा धैर्यशीलचा हिशेब होता. सारंगचा सांगाडा एका गोठ्यामागे सापडलाही. पेडल, सीट, गिअरचा दांडा मात्र कुणीतरी कधीच काढून नेलेले होते.

"मूळ आराखड्यावरून छापून घे की सरळ," धैर्यशील वैतागून म्हणाला.

"घेतले होते ना? केसाइतकाही फरक नव्हता, तरी एकही धड बसला नाही." निलोफर त्याची शाळेपासूनची मैत्रीण. ती न चिडता समजावू लागली. "अरे, आराखड्यातला भाग नव्या गाडीत बसतो. जुन्या गाडीत सगळे भाग सासू-सुनांसारखे एकमेकांना घासून घासून जुळलेले असतात. म्हणून हे यंत्र हरवलेला भाग शोधतच नाही. ते शेजाऱ्यांची झीज वाचतं आणि सांगतं, इथे नेमकं काय बसलेलं होतं. भागाला झिजवतो कोण? चालवणारा. म्हणजे भागाबरोबर चालवणाराही वाचला जातो."

"मग ही खाच कसली?"

"पेडलमागच्या पत्र्यावर ओरखडे आहेत. त्यांत चांदीचे कण सापडलेत."

"चांदी? मग आबांचा तोडाच तो! कुस्तीच्या दंगलीत जिंकलेला, पायात घालायचे."

"तोडा घोट्यात असतो, बाबा. घोटा तिथवर पोचतो तरी का?"

गाडी विकली तेव्हा धैर्यशील चार वर्षांचा होता. आबा नाक्यापर्यंत कशी ऐटीत गाडी न्यायचे, हे सगळं तालमीतल्यांच्या तोंडून ऐकलेलं. शेवटी त्याने हट्टच धरला. यंत्राला आबांची उंची आणि वजन सांगून पेडल आणि सीट नव्याने करून घेतली. सीट रुळावर अडकून बसली आणि क्लच अर्ध्यातच रुतला. झक मारत यंत्राचेच भाग बसवले, तर खट्‌कन बसले! इंजिनही पहिल्या झटक्याला सुरू झालं. दोघं आनंदायचं सोडून एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई, म्हणजे हौसाबाई, आबांचा हात धरून नाक्याबाहेरच्या निलोफरच्या प्रयोगशाळेत आल्या. गाडी पाहून आबांचे डोळे क्षणभर लकाकले. धैर्यशीलने त्यांना कसंबसं चालकाच्या जागी बसवलं. गुडघे स्टिअरिंगला टेकले, पोट अडकलं. आबा कावरेबावरे झाले.

"ही माझी गाडी नव्हं," ते म्हणाले आणि रडवेले होऊन उतरले. "माझी गाडी कुठं हाय?"

धैर्यशीलला वाटलं, संपलं सगळं. आता कुलूप.

हौसाबाई मात्र पेडलकडे टक लावून पाहत होत्या. मग त्यांनी दाराशी चपला काढल्या, देवळात काढाव्यात तशा, आणि नऊवारीचा घोळ सावरून चालकाच्या सीटवर बसल्या. काही सरकवावं लागलं नाही. अनवाणी डावा पाय क्लचवर गेला आणि बोटातलं चांदीचं जोडवं त्या खाचेत अलगद बसलं.

"आई?" धैर्यशील पुढे झाला. "तू? मग आबा?"

"त्यांना पहिल्या गिअरच्या पुढं कधी जमलंच नाही रं," हौसाबाई खाली मान घालून म्हणाल्या. "वस्तादाची बायको गाडी चालवती म्हटल्यावर तालीम हसली असती. नाक्यापातूर ते, पुढं सारा रस्ता मी. कुणाला सांगायचं नाही, असा शब्द दिलावता."

निलोफरने यंत्राकडे पाहिलं आणि मनातल्या मनात त्याची माफी मागितली.

एवढ्यात आबा गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला गेले. कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी दार उघडलं, ऐसपैस बसले, खिडकीवर कोपर टेकवलं. कपाळावरच्या आठ्या गेल्या.

"हौसा," वर्षभरात पहिल्यांदाच त्यांनी बायकोला नावाने हाक मारली. "नाका गेला मागं. चल, आता कोण बघतंय?"

हौसाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि क्लच दाबला. आबा मागे वळून धैर्यशीलकडे पाहत म्हणाले, "बस रं पोरा मागं. झोप आली तर खुशाल झोप. तुझी आई हाय गाडीवर."