पेन्सिलीचं वर्ष

कॉलेजच्या लायब्ररीत, इंग्रजीला नेमलेल्या कवितासंग्रहाची एकच प्रत उरली होती आणि तिच्यावर हात पडले दोन. भोईवाड्याच्या संघमित्राचा आणि लालबागच्या हितेंद्रचा. दोघंही सोडेनात! शेवटी ग्रंथपाल सीमा मॅडमनी निवाडा केला. "दोघांत वापरा. टिपणं पेन्सिलनेच, परत देताना पुसून द्यायची. पेन लागलं, तर हे पुस्तक तुमचं आणि मला नवी प्रत!"

त्याला आता वर्ष होत आलेलं. परीक्षा संपली आणि शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर, मधे पुस्तक ठेवून, दोघं खोडरबर चालवत बसली. डावा समास तिचा, उजवा त्याचा. मागे नेटमधे बॅटवर चेंडू वाजत होते. वारा रबराचा भुगा तिच्या ओढणीवर आणून टाकत होता.

"'रमाआजीच्या ओवीसारखं'... हे पुसू?" डाव्या समासावर बोट ठेवून त्याने विचारलं.

"पूस."

"तुझ्या आजीची ती ओवी तू कॅन्टीनमधे गुणगुणलीस. माझा चहा गार झालेला."

"मग माझा ढापलास. विसरले नाहीये मी!"

तो हसला. तिला मात्र हसू येईना. उद्या हा नोकरीसाठी बंगळुरूला निघणार. पुसून झालं, की भेटायला निमित्तच नाही... आणि हा बाबा काही बोलेना.

शेवटची कविता आली. धक्क्यावर बोटीची वाट बघत उभी असलेली बाई. उजवीकडे त्याचं टिपण : 'ही बोलत का नाही?' डावीकडे तिचं : 'कळणाऱ्याला कळतंय.'

त्याने रबर टेकवलं.

"थांब." तिने पर्समधून पेन काढलं आणि खाली निळ्या शाईत लिहिलं – 'दमली आता. तूच बोल.'

"अगं ए! पेनाने? आता नवीन प्रत द्यावी लागेल ना!"

"देऊ की. ही आपली झाली."

"आपली?" त्याने ती ओळ पुन्हा वाचली. कान लाल झाले. मग तिच्या हातातलं पेन घेऊन, टोपण लावून, खिशात टाकलं. "लिहीत नाही. तोंडानेच सांगतो... संघमित्रा, तू मला फार आवडतेस. अगदी त्या गार चहापासून. बोट दिवाळीला परत येईल. धक्क्यावर असशील?"

"असेन. माझं पेन घेऊन ये."

तिने पुस्तक उगाच मागे चाळलं. कोरे समास बघून जीव हळहळला. "सगळं पुसून बसलो रे आपण..."

"मला पाठ आहे," तो म्हणाला, आणि पहिल्या पानापासून म्हणू लागला. तिची टिपणं आधी.