उजवीकडचं वर्तुळ

प्रोस्टेट नावाच्या ग्रंथीशी पुरुषाची ओळख बहुधा साठीनंतर होते, आणि मग दुसरा विषय निघत नाही. लॉर्न हॅगर्टीचं तसं नव्हतं. ह्युरॉन सरोवराकाठच्या त्या गावात इस्पितळाच्या सीटी स्कॅनच्या खोलीत त्याची उभी हयात गेली होती. अर्ध्या गावाला तो आतून ओळखायचा. स्वतःच्या ग्रंथीत डाव्या बाजूला कर्करोगाचा दाणा निघाला, तेव्हा आता आपल्याला त्याच टेबलावर आडवं व्हावं लागणार, याचाच त्याला जास्त राग आला.

दाणा निजलेला होता. निजलाय तोवर छेडायचं नाही, असं डॉक्टरांनी ठरवलं. म्हणून दर फेब्रुवारीत स्कॅन. शिरेतून औषध सोडायचं, एकाच जागेची एकामागून एक चित्रं घ्यायची आणि रक्त कुठे किती धावतंय ते पाहायचं. रक्त संथ असेल तिथे संगणक निळा रंग भरतो, उधळलं असेल तिथे लाल. लाल म्हणजे शस्त्रक्रिया. आणि उशीर झालेला असेल तर तीही नाही.

लॉर्नला या फेऱ्यांचा कंटाळा नव्हता, याचं कारण त्याने डॉक्टरांनाही सांगितलं नव्हतं. जुन्या यंत्रातली "हलू नका" ही सूचना त्याच्या बायकोच्या, म्युरिअलच्या आवाजात होती. तीही त्याच खोलीत कामाला होती. गावच्या माणसांना गावचाच आवाज बरा, म्हणून तिने ते शब्द यंत्रात भरले. आधी घसा खाकरला, ते खाकरणंही भरलं गेलं आणि काढायचं राहिलं. ती जाऊन वर्षं लोटली, तरी वर्षातून एकदा नवऱ्याला टेबलावर पाडून दटावत होती. पुष्कळ जिवंत जोडप्यांत एवढंही बोलणं होत नाही.

यंदा मात्र खोलीत नवं यंत्र बसलं होतं.

रोवेना त्याच्याच हाताखाली शिकलेली. मनिलाहून आलेली, पण हॉकीवरून आता गावकऱ्यांपेक्षा जोरात भांडायची. सुई टोचता टोचता तिने सांगितलं की जुनं यंत्र भंगारात गेलं, आवाजासकट. नव्या यंत्रातली बाई विमानतळावर शोभावी अशी बोलते.

"आता गरम वाटेल," ती म्हणाली. "चड्डी ओली झाली असं वाटेल. झालेली नसते."

"हे वाक्य तुला मी शिकवलंय."

"म्हणून तर सांगते. शिकवणाऱ्यांचा काही भरवसा नसतो."

दोन्ही हात डोक्यामागे घेऊन तो पडला. विमानतळावरच्या बाईने हलू नका म्हटलं. ऊब दंडातून चढली, घशाशी आली आणि खाली ओटीपोटात उतरली. डोळे मिटून लॉर्न बटर टार्टचा, तिकडच्या त्या छोट्या गोड पेस्ट्रीचा, विचार करू लागला. त्यात मनुके हवेत, असं त्याचं म्हणणं; मनुके घालणाऱ्याला तुरुंगात टाकावं, असं म्युरिअलचं. या एका भांडणावर त्यांचा संसार सुखाने झाला होता.

तेवढ्यात कुणीतरी घसा खाकरला.

अगदी कानाशी. मग म्युरिअलचा तोच सावकाश, ओढून बोलणारा आवाज आला.

"उजवीकडेही बघा."

लॉर्न हलला नाही.

बाहेर आल्यावर त्याने रोवेनाला विचारलं, माईकवर काही बोललीस का. ती नाही म्हणाली आणि खुशीत पडद्याकडे बोट दाखवलं. डावा दाणा निळाशार होता.

"उजवीकडे रंग का नाही?"

कारण साधं होतं. रंग आखलेल्या वर्तुळातच भरतो, आणि तुलना चोख व्हावी म्हणून त्या खोलीत सगळेच गेल्या वर्षीचं वर्तुळ उचलून यंदाच्या चित्रावर ठेवायचे. उजवीकडे वर्तुळ कधी पडलंच नव्हतं.

"तिकडे काही नव्हतंच, लॉर्न."

"काढ."

तिने चित्र मोठं केलं आणि उजवीकडे वर्तुळ काढलं.

मसुरीएवढा ठिपका. लालभडक.

रोवेनाने डॉक्टरांना फोन लावला. बराच वेळ हं हं केलं, मग फोन ठेवून खाली बसली. अजून ग्रंथीच्या बाहेर पडलेलं दिसत नाही, म्हणाले. वेळेवर सापडलं. सोमवारी या.

लॉर्नने मान डोलावली. त्याचं लक्ष पडद्याच्या कडेला होतं. त्याच्या उजव्या कमरेला लागून, कातडीच्या बाहेर, जिथे नुसती हवा असायला हवी तिथे चार पांढरे ठिपके ओळीने उभे होते.

आडवी कापलेली बोटं अशीच दिसतात, हे दोघांनाही ठाऊक होतं. एका बोटाभोवती अंगठीची लखलखीत कडी होती.

"तुमचा हात खाली आला असेल," रोवेना म्हणाली. तो आला नव्हता, हे तिने काचेतून पाहिलं होतं.

लॉर्नने माऊस घेतला आणि त्या बोटांभोवती वर्तुळ काढलं.

वर्तुळातलं रक्त दाखवणारा आलेख कडेला उमटला. त्याची रेघ तळाशी सपाट पडून होती. रक्त नव्हतंच.

फक्त अगदी शेवटच्या चित्रांत ती रेघ जराशी वर उचलली होती. त्याच्या अंगातलं औषध तिकडे पोचू लागलं होतं.