होडेकरांचे हात

सकाळी साडेआठला वर्कशॉपचं शटर वर गेलं की दारातच प्रत्येकाला एक प्रश्न विचारला जायचा, "होडेकर घातले का?"

वाघोटणच्या खाडीकाठी असलेल्या त्या सागरी अभियांत्रिकी महाविद्यालयात आता या प्रश्नाचं कुणाला हसूही येत नसे. होडेकर म्हणजे राखाडी रंगाचे, कोपरापर्यंत येणारे हातमोजे. त्यांचं अधिकृत नाव होतं ‘कौशल्यवाही हस्तावरण’, पण ते फक्त प्रमाणपत्रावर छापलेलं दिसायचं. मुलं मोजे चढवून आपापल्या पाइपासमोर उभी राहत आणि चाळीस जणांचे पाने एकाच लयीत फिरू लागत. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, आत एकच कुणीतरी भलामोठा माणूस काम करतोय.

युसूफ होडेकर हे खरेखुरे चीफ इंजिनियर होते. छत्तीस वर्षं जहाजांवर काढून ते निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांना संवेदक चिकटवून आठ महिने त्यांच्याकडून इंजिनाची कामं करून घेतली गेली. कोणतं बोट किती दाबतं, मनगट कुठे वळतं, पाना सोडण्याआधी तळहात किती ढिला पडतो, सगळं नोंदलं गेलं. मोज्यांच्या अस्तरात केसाहून बारीक तंतू होते. वीज मिळाली की ते स्नायूंसारखे आकसत आणि घालणाऱ्याची बोटं होडेकरांच्या बोटांसारखी चालवत. त्याच वेळी मनगटातल्या मज्जातंतूला हलक्या टिचक्या बसत, त्यामुळे शिकलेलं हातात मुरत जाई. चाळीस तासांनी मोजे काढले तरी हात तसेच चालत. जे कमवायला पूर्वी सहा-सात वर्षं समुद्रावर घासावी लागायची, ते आता एका सत्रात हातात यायचं. देशभरातल्या अकरा महाविद्यालयांत हेच मोजे होते.

ओवी वीरकर तिसऱ्या वर्षाला होती. मूळची म्हसवडची. वडिलांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं आणि बोअरच्या जळक्या मोटारी उघडण्यात तिचं लहानपण गेलं होतं. समुद्र तिने पहिल्यांदा पाहिला तो प्रवेशाच्या मुलाखतीला आली तेव्हा. एवढं पाणी उपसायला मोटार कितीची लागेल, हा तिच्या मनात आलेला पहिला विचार. मुलाखतीत तिने तो बोलूनही दाखवला होता.

त्या दिवशी फ्लँजचा धडा होता. दोन पाइपांची तोंडं जिथे जुळतात तिथे दोन्हींना लोखंडी कडं असतं, मध्ये गळती रोखणारी चकती, म्हणजे गॅस्केट, बसवायची आणि आठ बोल्टांनी ती कडी आवळायची. बोल्ट किती आवळला गेला ते पाना आकड्यात सांगतो. पण मधली गॅस्केट एका बाजूला सरकली असेल, तर ते पान्याला कळत नाही. त्यासाठी कड्यांमधल्या फटीतून बोट फिरवून ती सगळीकडे सारखी आहे ना, ते बघावं लागतं. पूर्वी जहाजं तेलावर चालायची तेव्हा थोडं पाझरलं तर फडक्याने पुसता यायचं. आता पाइपांतून अमोनिया वाहत होता. त्याचा धूर हवा तापवत नाही, म्हणून जगभरच्या जहाजांनी तो घेतला होता, पण तो पाझरला तर माणूस वाचणं कठीण.

ओवीचा उजवा हात कड्याच्या माथ्यावरून निघाला, पुढून उतरत घड्याळातल्या सहाच्या जागी पोचला. डावा हात मागच्या बाजूने उतरत आठच्या जागी आला आणि थांबला. बरोबर दोन सेकंद. मग दोन्ही हात आपसूक खाली आले.

"मॅडम," ओवीने विचारलं, "या दोन सेकंदांत काय करायचं असतं?"

वर्कशॉपच्या प्रमुख सुमेधा नाबर स्वतः या मोज्यांवर शिकलेल्या पहिल्या तुकडीतल्या. त्या म्हणाल्या, "काही नाही. उस्तादाचं थांबणं आहे ते. काम झालं, हात समाधानाने थांबतो."

"पण खालचा थोडा भाग राहिल्यासारखा वाटतो."

"छत्तीस वर्षांत त्या माणसाच्या एकाही जोडातून थेंब गळलेला नाही, ओवी. आधी त्यांच्याएवढी हो."

हे पटण्यासारखंच होतं. ओवीने मान हलवली. महिनाभरात तिचाही हात समाधानाने थांबू लागला.

चौथ्या वर्षी ती ‘मंजिष्ठा’ या मालवाहू जहाजावर प्रशिक्षणाला गेली. एवढं अवाढव्य जहाज आणि त्यावर माणसं फक्त नऊ. तिचे वरिष्ठ होते सेकंड इंजिनियर सत्यजित राणे. कणकवलीचे, गप्पिष्ट, कामाला वाघ. तेही होडेकरांच्याच मोज्यांवर शिकलेले. दोघं शेजारी काम करायला लागले की ओवीला गंमत वाटे. जणू आरशात बघतेय.

जहाज लक्षद्वीपच्या पुढे गेलं असताना एका दुपारी इंधनाच्या पाइपाची गॅस्केट बदलायची होती. राणेंनी बदलली, बोल्ट आवळले, बोट फिरवलं. नियमाप्रमाणे दुसऱ्या माणसाने तपासायचं, म्हणून ओवीनेही बोट फिरवलं. दोघांनी नोंदवहीत सही केली. ओवी पंप चालू करायला नियंत्रण कक्षात गेली. राणे हत्यारं गोळा करत तिथेच थांबले.

चार मिनिटांनी भोंगा वाजला.

काचेतून ओवीला दिसलं, फ्लँजच्या मागच्या अंगाने पांढरी वाफ सुटली होती आणि राणे डोळे धरून गुडघ्यांवर बसले होते. तिने एका हाताने इंधन तोडलं, दुसऱ्याने गॅस मास्क तोंडावर ओढला आणि ती आत घुसली. दोन्ही काखांत हात घालून तिने राणेंना ओढत बाहेर आणलं, आपत्कालीन फवाऱ्याखाली धरलं. पाणी डोक्यावर पडत असताना राणे घशातून कसाबसा आवाज काढत एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "मी बोट फिरवलं होतं गं. सगळीकडे फिरवलं होतं."

राणे वाचले. उजवा डोळा गेला आणि आवाज कायमचा घोगरा झाला. चौकशी समितीने अहवालात लिहिलं: मानवी चूक. तपासणी दोघांची, दुर्लक्ष दोघांचं. ओवीचं प्रशिक्षण स्थगित झालं.

म्हसवडला परतल्यावर आईने तिला दोन दिवस काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी दुकानात वडील म्हणाले, "मोटार जळाली, बदलून दिली, तीपण तिथंच जळाली. मग मोटारीला शिव्या देऊन उपयोग नाही. काय म्हणतो मी?"

"लाइन बघायची. वीज कुठून येते ते."

"मग?"

ओवीने इंजिनकक्षातल्या कॅमेऱ्याचं चित्रण मागवलं. आरोप तिच्यावर होता, त्यामुळे ते पाहण्याचा तिला हक्क होता. राणेंचा डावा हात आठच्या जागी थांबला. दोन सेकंद. सहा मिनिटांनी तिचा स्वतःचा हात तिथेच थांबला. दोन सेकंद. गॅस्केट सरकली होती ती सात वाजतात तिथे. तिने पडद्यावर बोट ठेवलं आणि ती बराच वेळ बघत राहिली. तिचं मनगट धडधाकट होतं, सातपर्यंत सहज वळलं असतं. पण ते वळलं नव्हतं आणि न वळल्याची तिला जाणीवही झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती एसटीने राजापूरला आणि तिथून नाटे या बंदरगावी गेली.

होडेकरांचं घर बंदराच्या वरच्या अंगाला होतं. सत्तरी ओलांडलेले युसूफ होडेकर अंगणात जुन्या होडीचं इंजिन उघडून बसले होते. हात काळे झालेले. ओवीने स्वतःची ओळख सांगितली आणि काही विचारण्याआधी त्यांच्यासमोर फोन धरला. त्यांनी चित्रण एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"हे माझे हात," ते हळू आवाजात म्हणाले. "तुझ्या अंगाला लावलेले."

"चीफसाहेब, आठवर हात का थांबतो?"

होडेकरांनी डावा हात पुढे करून मनगट वळवलं. ते अर्ध्यावर अडकलं. "तेवीस वर्षांचा असताना शिडीवरून पडलो. प्लास्टर वाकडं बसलं. तेव्हापासून हे इथपर्यंतच जातं."

"मग खालचा भाग तुम्ही कसा तपासायचात?"

ते उठले आणि नळाच्या पाइपाजवळ गेले. पंप चालू केला. दोन्ही हात पाइपावर ठेवून ते वाकले आणि कपाळ पाइपाला टेकवून स्तब्ध राहिले.

"पंप मंद सोडायचा आणि कपाळ लावायचं. जोड कुठे बसला नसेल तर पाइप आतून शहारतो. बोटाला कळणार नाही, हाडाला कळतं. जहाजावरचे लोक म्हणायचे, होडेकर इंजिनाला सजदा करतो." ते हसले, पण लगेच गंभीर झाले. "नोंदी घेणारा मुलगा म्हणाला, चाचा, डोकं मागे घ्या, कॅमेऱ्याला हात दिसत नाहीत. आणि तिथलं इंजिन तर बंदच होतं, ऐकणार काय? मी डोकं मागे घेतलं. हातांना सवय होती, ते डोक्याची वाट बघत थांबले असतील."

ओवीला दोन सेकंदांचा हिशोब लागला होता.

"किती पोरं शिकली याच्यावर?" त्यांनी विचारलं.

"अकरा हजारांच्या वर."

होडेकर होडीच्या कडेवर बसले. मग म्हणाले, "त्या राणेला भेटता येईल मला?"

"येईल. पण आधी कॉलेजात चला. आत्ता, या घडीला कितीतरी जहाजांवर कुणीतरी तिथेच थांबत असेल."

नाबर मॅडमनी दोघांचं म्हणणं ऐकून घेतलं, पण त्यांचा चेहरा उतरत गेला. "ओवी, तुझ्यावर ठपका आहे. तू असं बोललीस तर लोक काय म्हणतील, कळतंय ना?"

"कळतंय. म्हणून मी बोलत नाही, तुम्हीच बघा." ओवीने त्यांना वर्कशॉपमधल्या एका फ्लँजपाशी नेलं. त्यात गॅस्केट तिने सकाळीच मुद्दाम वाकडी बसवली होती. "मोजे नकोत. डोळे मिटा आणि तपासा."

नाबर मॅडमनी डोळे मिटले. त्यांचे सराईत हात कड्यावरून फिरले, थांबले, खाली आले. "नीट आहे," त्या म्हणाल्या.

ओवीने त्यांचं डावं मनगट धरलं आणि बोट चार अंगुळं पुढे नेलं. तिथे फटीत अख्खं नख जात होतं.

मॅडमनी डोळे उघडले. त्यांनी होडेकरांकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. पंधरा वर्षांत त्यांनी याच हातांनी किती जणांना पास केलं असेल, हे बहुधा त्या मोजत असाव्यात. मग त्या टेबलाशी गेल्या आणि फोन उचलून म्हणाल्या, "नौवहन संचालकांना जोडून द्या. हो, आत्ताच."

त्या संध्याकाळपर्यंत समुद्रावरच्या प्रत्येक भारतीय जहाजाला संदेश गेला. पुढच्या पंधरवड्यात सत्तावन्न ठिकाणी त्याच जागी सरकलेल्या गॅस्केटी सापडल्या. त्यातल्या दोन अगदी फुटायच्या बेतात होत्या. राणेंवरचा आणि ओवीवरचा ठपका पुसला गेला. होडेकर राणेंना भेटायला कणकवलीला गेले. दोघांत काय बोलणं झालं ते कुणालाच कळलं नाही, पण त्यानंतर राणे महाविद्यालयात शिकवायला आले आणि आपल्या घोगऱ्या आवाजात पहिल्या वर्षाच्या मुलांना वर्षभर मोज्यांशिवाय राबवू लागले. हात सुधारायला मात्र वेळ लागला. ओवीचा डावा हात आठवर अडायचा आणि ती त्याला हट्टी वासरासारखा पुढे ओढायची. तीन महिन्यांनी तो तिचा झाला.

ती समुद्रावर परत गेली. आधी फोर्थ इंजिनियर, नंतर थर्ड, मग सेकंड. तिच्या हाताखालच्या इंजिनांबद्दल बंदराबंदरांतून चांगलं बोललं जाऊ लागलं. एकोणतिसाव्या वर्षी तिला मोजे बनवणाऱ्या संस्थेचं पत्र आलं: नव्या पिढीसाठी आम्हाला तुमचे हात हवे आहेत.

तिने होकार दिला, पण एका अटीवर. नोंदी घेताना समोर एक माणूस बसेल आणि प्रत्येक हालचालीला तिला ‘का’ विचारेल. उत्तर मिळालं नाही, तर ती हालचाल पुढे जाणार नाही. आणि तो माणूस कोण असेल, हेही तिने कळवलं.

नोंदींच्या पहिल्या सकाळी चालत्या इंजिनासमोर ओवीने संवेदक लावलेले हात पुढे केले. यंत्रज्ञ मुलीने मान हलवून चालू असल्याची खूण केली. शेजारच्या स्टुलावर होडेकर काठी मांडीवर आडवी घेऊन बसले होते. ओवीने झडप उघडली, पाना उचलला, पहिला बोल्ट आवळला, दुसऱ्याकडे वळली.

"थांब," होडेकर म्हणाले. "पाना उचलायच्या आधी तू उजव्या हाताचा अंगठा मुठीत दाबलास. का?"

"मी? नाही."

यंत्रज्ञ मुलीने पडद्यावर पाहिलं. "दाबलात, मॅडम. झडप उघडण्याआधीही."

ओवीने स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. जळक्या मोटारीची तार हाताला लागू नये म्हणून लहानपणी लागलेली सवय? एखाद्या जहाजावर कधीतरी चटका बसला असेल, तो? की या अंगठ्याला असं काही ठाऊक होतं, जे तिला अजून ठाऊक नव्हतं? हे पुसून टाकावं की हजारो हातांत जाऊ द्यावं?

इंजिन चालू होतं. होडेकर उत्तराची वाट बघत होते.