रिकाम्या पलंगाचा काटा

फोन आला तेव्हा शिवाजी दुकानात एका टीव्हीची पाठ उघडून बसला होता. वडीगोद्रीत हायवेला लागून त्याचं दुकान. गावात केबल त्यानंच आणली, गच्चीवरच्या मोठ्या छत्र्याही त्यानंच उभ्या केल्या. फोनवर पिंपळगाव रेणुकाईचा बद्रीनाथ होता, त्याच्या बायकोचा चुलतभाऊ.

"दाजी, तुमच्या पलंगात बिघाड झालाय. आपोआप वर होऊन राह्यला."

"आपोआप म्हणजे?"

"तुम्ही या तर खरं. मंग सांगतो."

शिवाजीला त्यात विशेष काही वाटलं नाही. करंट जोडतो-तोडतो तो एखादा रिले चिकटला असेल, कुठे उंदरानं तार कुरतडली असेल. सकाळी त्यानं पिशवीत पक्कड, टेस्टर, करंट मोजायचं मीटर टाकलं आणि जालन्याची एसटी धरली. तिथून भोकरदन, आणि भोकरदनहून काळीपिवळी जीप. उन्हाळा लागत होता. गव्हाची काढणी उरकलेली रानं मोकळी, पिवळी पडली होती.

वाटेत त्याला पलंगच आठवत राहिला. दुसरं काय आठवणार?

नंदाबाई, त्याची बायको, मिरच्या वाळत घालताना गच्चीवरून पडली होती. मानेखालचं सगळं शरीर गेलं. एक उजवा अंगठा तेवढा हलायचा. दिवसभर ती छताकडे बघत पडून असायची. एकदा म्हणाली, "दिवेलागणीला तरी मला बसवत जावा. रस्ता दिसतो तिथून." शिवाजी बसवायचा, पण तो एखाद्या गावी तार ओढायला गेला की ती तशीच आडवी राहायची. मग त्यानं गच्चीवर गंजत पडलेले जॅक काढले. छत्र्या या उपग्रहाकडून त्या उपग्रहाकडे फिरवायला पूर्वी प्रत्येकीला असा एक जॅक असायचा. लांब नळी, शेपटाला मोटर. करंट एका बाजूनं दिला की आतला दांडा बाहेर सरकतो, तारा उलट्या केल्या की आत जातो. छत्र्या एका जागी पक्क्या केल्यापासून त्यांना काम उरलं नव्हतं.

दोन जॅक त्यानं पलंगाच्या पाठीखाली बसवले, एक गुडघ्याखाली. लाइटीचा भरवसा नव्हता, म्हणून ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या एकीला एक जोडल्या. पण पाठीखालचे दोघे जमेनात. एकच तार, एकच करंट, तरी एक पुढे पळायचा, दुसरा रेंगाळायचा. पाठ पिळवटायची, नंदाबाई एका अंगावर कलंडायची. ती हसायची. "तुमचा एक बैल तरणा अन् एक म्हातारा हाय हो." कितीतरी दिवस त्यानं डोकं लावलं. जॅकच्या पोटात चुंबक असतो, दांडा सरकला की तो फिरतो आणि आतलं बारीक बटण टिकटिकतं. ती टिकटिक दोन्हीकडून घेऊन त्यानं सर्किट केलं. जो पुढे जाईल त्याचा रिले सुटायचा, मागचा आला की परत लागायचा. टक… टक… असा आवाज करत, थांबतथांबत, पण सरळ पाठ वर यायची. दाराच्या घंटीचं बटण तिच्या अंगठ्याखाली बांधलं. पहिल्यांदा ती आपल्या आपण उठून बसली आणि अंधार पडेपर्यंत रस्ता बघत राहिली.

दिवाळीच्या पुढे नंदाबाई गेली. पलंग घरात बघवेना. तेवढ्यात बद्रीनाथची आई, दुर्गाबाई, लकव्यानं पडली. छातीत पाणी, आडवं झालं की दम कोंडायचा. नंदाबाईची आई लहानपणीच वारली होती, या काकूनंच तिला वाढवलं, तिचं लग्न लावून दिलं. शिवाजीनं स्वतः पलंग नेऊन जोडून दिला होता.

पिंपळगावात पोचला तेव्हा ऊन उतरलं होतं. बद्रीनाथनं चहा दिला, पण नजर देईना. त्याची बायको पुष्पाबाई चौकटीला टेकून उभी होती. शेवटी तीच बोलली.

"दाजी, दिवेलागण झाली की पलंग वर येतो. बटणाला कुणाचा हात न्हाई लागत. सासूबाईचे तर दोन्ही हात गेलेले."

"किती वर येतो?"

"बराबर खिडकीइतका."

शिवाजीनं पलंग तेवढ्यापुरता खाली घेऊन सगळं तपासलं. बटण उघडलं, तारा हातानं चाचपल्या, रिले एकेक काढून फुंकले. कुठेच काही नव्हतं. दुर्गाबाई पडल्यापडल्या त्याच्याकडे पाहत होती. वाळून काडी झालेलं शरीर, बोलणं अर्धं ओठातच.

"काकू, आज न्हाई व्हायचं तसं," म्हणत त्यानं बटणाची तार मुळापासून कापून टाकली. आता पलंगाला हुकूम द्यायला काही राहिलंच नव्हतं.

बाहेर गुरं परतत होती. लाइट गेली. पुष्पाबाईनं कंदील लावून खुंटीला अडकवला. रॉकेलचा वास खोलीत पसरला. आणि त्या वासात शिवाजीला आणखी एक वास आला… मलमाचा. नंदाबाईच्या पाठीला तो रोज लावायचा त्या मलमाचा.

टक.

त्यानं मान वळवली.

टक… टक…

कापलेल्या तारेचं टोक त्याच्या हातात होतं. पलंगाची पाठ हलकेच वर येत होती. दुर्गाबाईनं डोळे मिटून घेतले होते. घाबरून नव्हे. एखाद्याच्या खांद्यावर मान टाकावी तसे.

शिवाजीनं बॅटरीची तार ओढली. पलंग अर्ध्यावर थांबला. त्यानं मध्ये मीटर घातलं आणि तार परत लावली. पाठ पुन्हा वर येऊ लागली, मीटरचा काटा वर चढला. जॅकवर जितकं वजन तितका काटा वर, हे त्याला पाठ होतं. आणि काटा जिथे थांबला ती जागा या वाळलेल्या बाईची नव्हती.

"बद्री… काकूला उचल."

"काय झालं दाजी?"

"उचल आधी."

बद्रीनाथनं आईला लेकरासारखं उचलून घेतलं. शिवाजीनं पलंग खाली घेतला आणि तारा जुळवून परत वर चढवला. रिकामा पलंग. गादी, उशी, बाकी काही नाही. काटा चढला आणि थांबला. ती जागा तो झोपेतही ओळखला असता. नंदाबाई पलंगावर असताना काटा तिथेच थांबायचा.

उशीला मधोमध खळगा पडला होता. दुर्गाबाईचं डोकं आत्ताच उचललं, म्हणून असेल. शिवाजीनं खळग्यावर हात ठेवला. गार होता.

दुर्गाबाई मुलाच्या हातावरून पुटपुटली, "पोरगी हाय ती… मला बसवायला येती."

पुष्पाबाई तोंडाला पदर लावून बाहेर गेली. बद्रीनाथला घाम फुटला होता. "दाजी, तुमच्या पाया पडतो. घेऊन जावा हा पलंग. लेकरं घरात यायला तयार न्हाईत."

खरं सांगायचं तर शिवाजीला भीती वाटतच नव्हती. त्याला तिला घरी न्यायचं होतं.

सकाळी त्यानं टेम्पो केला. दुर्गाबाईला नवाराच्या बाजेवर उशांच्या आधारानं बसवलं, आणि नवा पलंग करून देतो असं कबूल केलं. वाटेत खड्डा आला की तो ड्रायव्हरला "हळू, हळू" म्हणत होता. ड्रायव्हर वैतागला. "मालक, लोखंडच तर हाय."

घरी त्यानं पलंग जुन्या जागी, खिडकीशी लावला. अंगण झाडलं. तारा जोडल्या, मीटर घातलं आणि दिवेलागणीची वाट पाहत स्टुलावर बसला. हायवेला ट्रकचे दिवे लागले. पलंग जागचा हलला नाही.

त्यानं बटण दाबलं. टक… टक… पाठ वर आली. काटा जेमतेम उचलला गेला. रिकाम्या पलंगाचा काटा.

"नंदा," तो म्हणाला. "रस्ता दिसतो बघ इथून."

दुसऱ्या दिवशी त्यानं तिची वाकळ अंथरली. पुढच्या दिवशी मलमाची डबी उघडून उशाशी ठेवली. रोज पलंग वर न्यायचा, काटा बघायचा, खाली आणायचा. मीटर खराब झालं असेल म्हणून दुसरं आणलं. एका संध्याकाळी स्वतःच त्यावर आडवा झाला आणि बटण दाबलं. पलंगानं त्याला सावकाश उठवून बसवलं, रस्ता दाखवला, आणि तिथे बसून तो पहिल्यांदा मोठ्यानं रडला. ती गेली तेव्हाही असा रडला नव्हता. आली नव्हती ती. तिनं काकू निवडली होती.

मग पुष्पाबाईचा फोन आला. आवाज इतका बारीक, की त्याला रिसीव्हर कानात खुपसावा लागला.

"दाजी, या. जल्दी या."

"काकूला काही…?"

"सासूबाई बऱ्या हायेत. तुम्ही दिवेलागणीच्या आत पोचा."

तो पोचला तेव्हा दिवस बुडाला होता. बद्रीनाथ अंगणात ओट्यावर बसून होता, आत यायला तयार नव्हता. पुष्पाबाईनं दारातूनच कंदील शिवाजीच्या हातात दिला.

खोलीत साधी नवाराची बाज. उशा खाली पडल्या होत्या. आणि बाजेच्या मधोमध दुर्गाबाई बसली होती. ताठ. पाय पुढे पसरलेले, हात मांडीवर मेल्यासारखे. पाठीमागे भिंत नाही, उशी नाही, काही नाही. डोळे मिटलेले, श्वास शांत. आणि खोलीत कुठूनतरी, अगदी बारीक… टक… टक…

"नंदा," शिवाजी म्हणाला. भीती होती, पण तिच्याहून मोठं काहीतरी होतं. भेटीसारखं.

आवाज थांबला. दुर्गाबाई किंचित मागे कलली. ती पडेल म्हणून त्यानं कंदील खाली ठेवला, धावत जाऊन तिच्या पाठीवरच्या पदराखाली हात घातला.

तिथे आधीच एक हात होता.

तळवा उघडा, पाठीला लावलेला. शिवाजीचा हात लागताच तो जरासा सरकला आणि त्यानं जागा करून दिली. दोन हातांवर म्हातारीचं वजन तोललं गेलं. शिवाजीनं डोळे मिटले. किती महिन्यांनी, असं त्याच्या मनात आलं. त्याची बोटं त्या हातावरून हळूच पुढे सरकली, बोटांवरून मनगटाकडे.

मनगट मोकळं होतं. एकही बांगडी नाही.

नंदाबाईला नेलं त्या दिवशी या काकूनंच कासार बोलावला होता. सवाष्ण गेली म्हणून मनगटभर हिरव्या बांगड्या भरल्या होत्या. शिवाजीनं त्या स्वतः पाहिल्या होत्या. चितेवरही त्या तिच्या हातात होत्या.

त्याची बोटं तशीच त्या मोकळ्या मनगटावर थांबली. दुर्गाबाई झोपेत समाधानानं हुंकारली. आणि तो अनोळखी हात, अगदी मायेनं, त्याच्या हातावर येऊन मिटला.